‘ग्यारह मील’चा अल्बम आणि खानझोड्यांची शांतता

गोपीनाथ खानझोडे यांनी भोपाळच्या सचिवालयात चौतीस वर्षं काढली, पण स्वतःच्या एकट्याच्या सहीने त्यांनी आयुष्यात एकच गोष्ट मंजूर केली. ती म्हणजे तीन दिवसांची शांतता. बाकी हजारो नस्त्यांवर त्यांनी ‘आदेशार्थ प्रस्तुत’ एवढंच लिहिलं आणि नस्ती वर पाठवली. वर गेलेली नस्ती कधी परत येई, कधी येत नसे. खानझोड्यांना त्याचा दोष लागत नसे आणि श्रेयही मिळत नसे, आणि या व्यवस्थेवर ते समाधानी होते.

शांतता मागितली सायलीने. सायली म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. महाराणा प्रताप नगरातल्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीत ती पानं लावायची, आणि उरलेला जीव ‘ग्यारह मील’ नावाच्या बँडमध्ये ओतायची. होशंगाबाद रोडवर मिसरोदच्या पुढे ग्यारह मील म्हणून जो नाका लागतो, तिथल्या एका ढाब्याच्या मागे ही मंडळी सराव करत, म्हणून हे नाव. मंडळी तीनच. सायली गाणार आणि गिटार वाजवणार, निनाद बँजो वाजवणार, आणि विक्रांत एक गिटार गुडघ्यांवर आडवी घेऊन तिच्यावर पोलादी नळी फिरवणार. त्यातून जो आवाज निघे तो ऐकून खानझोड्यांना दर वेळी कोणीतरी बदलीवर चाललंय असं वाटे.

या संगीताला ‘आल्टरनेटिव्ह कंट्री’ म्हणतात, असं सायलीने त्यांना दोनदा समजावलं होतं. वरच्या मजल्यावरच्या प्रभाकरराव दाण्यांनी विचारलं तेव्हा खानझोड्यांनी ते आपल्या शब्दांत सांगितलं. “अमेरिकेतली गावाकडची गाणी असतात, प्रभाकरराव. पण गावाकडच्या लोकांना आवडणार नाहीत अशी.”

“मग ऐकते कोण जी?” प्रभाकररावांनी विचारलं. ते मूळचे नागपूरचे आणि मराठी मंडळाचे माजी कार्यवाह, त्यामुळे श्रोतृवर्ग ही त्यांची जुनी काळजी होती.

तर त्या बँडचा पहिला अल्बम अडला होता. गाणी नऊ तयार होती. स्टुडिओ प्रताप नगरातच मिळाला होता, पण त्याच्या भिंतीपलीकडे कोचिंग क्लास होता आणि तिथले केमिस्ट्रीचे सर खड्या आवाजाचे होते. विरहाच्या एका अत्यंत हळव्या गाण्यात, दुसऱ्या कडव्यानंतर, “बेंझीन रिंग को तोड़ोगे कैसे?” हा प्रश्न इतका स्वच्छ उमटला होता की तो गाण्याचाच भाग वाटत होता. त्यात विक्रांतला बेंगळुरूला नोकरी लागली. अठ्ठावीस मेला तो जाणार, आणि तो गेला की तो आवाज गेला. मग अल्बमही गेला, आणि बहुधा बँडही.

“बाबा, मिसरोदच्या आपल्या नव्या फ्लॅटमध्ये करून पाहिलं. वरच्या मजल्यावर टाइल्स कापतायत,” सायली म्हणाली. “आपलं हे घर द्या ना. जाड भिंती, उंच छत, एकदम सही साउंड येतो इथे. चोवीस, पंचवीस, सव्वीस. बस तीन दिवस. फक्त शांतता पाहिजे.”

हे घर म्हणजे तुलसी नगरातलं सरकारी क्वार्टर. खानझोडे निवृत्त झाले होते आणि एकतीस मेपर्यंत त्यांना ते सोडायचं होतं. निम्मं सामान मिसरोदला गेलंही होतं. रिकाम्या बैठकीत सायली उभी होती आणि उत्तराची वाट पाहत होती. याच खोलीत ती अकरावी-बारावीला असताना गिटार घेऊन बसली की खानझोडे आतून ओरडत, “सायली, आवाज बंद.” रोज, दोन वर्षं. त्यानंतर तिने त्यांच्याकडे काही मागितलं नव्हतं. खानझोड्यांना हे आठवलं, आणि ते एवढंच म्हणाले, “मंजूर.”

“अहो, शांतता काय आपल्या माठातली आहे का, द्यायला?” सुमित्राबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं. पण मंजुरी निघून गेली होती.

दुसऱ्या दिवशी खानझोड्यांनी नवी नस्ती उघडली आणि सर्वेक्षणाला बसले. सकाळपासून संध्याकाळपर्यंत व्हरांड्यात खुर्ची टाकून त्यांनी तुलसी नगरातल्या आवाजांची नोंद घेतली. एकवीस वर्षं ते तिथे राहत होते आणि त्यांच्या मते वस्ती अत्यंत शांत होती. संध्याकाळी नोंदी चव्वेचाळीस झाल्या होत्या. त्यांतले कावळे आणि विमानं त्यांनी ‘अधिकारक्षेत्राबाहेर’ या शेऱ्याखाली टाकली. उरलेल्यांत तीन जबर होते. पहिला, गाणं वाजवत येणारी कचऱ्याची गाडी, सकाळी अकरा दहाला. दुसरा, प्रभाकररावांची काठी, जी वरच्या फरशीवर दिवसभर फिरे. आणि तिसरा, शेजारच्या चौरसियाजींचा कूलर. तो पत्र्याचा होता, चौरसियाजींच्या लग्नातला होता, आणि सुरू झाला की दोन्ही घरांच्या खिडक्यांची तावदानं बोलू लागत.

मग त्यांनी परिपत्रक काढलं. ते हिंदीत होतं, कारण शासकीय हिंदी ही त्यांची खरी लेखनभाषा होती. ‘विषय: दिनांक 24 से 26 मई तक प्रातः 11 से 1 एवं सायं 4 से 6 शांति बनाए रखने बाबत.’ खाली घरोघरच्या सह्यांसाठी रकाने, प्रत्येकाच्या नावापुढे त्याचा आवाज. आणि सगळ्यात खाली, हात चौतीस वर्षं ज्या वळणाने गेला त्याच वळणाने जाऊन, ‘प्रतिलिपि सूचनार्थ’, म्हणजे माहितीसाठी एक प्रत. प्रतिलिपीशिवाय पत्र म्हणजे त्यांना बटणाशिवाय शर्ट वाटे. तीही त्यांनी सुबक टाइप केली आणि पाठवली. कुणाला पाठवली ते पुढे येईलच.

सह्या गोळा करताना त्यांना एक गोष्ट कळली. भोपाळमध्ये माणूस नाही म्हणत नाही, पण नाव विचारतो. “अल्बम पे नाम आएगा ना, खानझोडेजी?” पहिल्यांदा विचारलं चौरसियाजींनी. खानझोडे मराठी मंडळात दरवर्षी आभारप्रदर्शन करत. एका गणेशोत्सवात त्यांच्याकडून मांडववाल्याचं नाव राहिलं होतं, आणि तो मांडववाला अजून त्यांना बघून रस्ता बदलत असे. त्यामुळे आभाराच्या बाबतीत ते कसलाही धोका पत्करत नसत. ते म्हणाले, “जरूर आएगा.” हीच ग्वाही त्यांनी सतरा घरांना दिली. सायलीने ऐकलं तेव्हा ती कपाळाला हात लावून बसली. कव्हरच्या मागे आभारासाठी जागा चार ओळींची होती.

प्रभाकररावांनी सही केली, पण सल्ल्यासकट. “बँजोपेक्षा पेटी घ्या. माझी आहे घरी. भात्याला जरा भोक आहे, पण कंट्रीला चालून जाईल.” काठीचं काय, असं विचारल्यावर त्यांनी तिला लोकरी मोजा घातला आणि वर रबर लावला. निनादने खोली पाहून सांगितलं की खिडक्या-दारांवर जाड काहीतरी हवं. त्या संध्याकाळी सतरा घरांतून रजया आल्या. मेच्या उन्हात ट्रंकांतून निघालेल्या त्या रजयांनी बैठक चारी बाजूंनी मढली, आणि आत डांबराच्या गोळ्यांचा असा वास भरला की विक्रांतला शिंका आवरेनात. त्या शिंकांची नोंद सर्वेक्षणात नव्हती.

चोवीस तारखेला बाहेर बेचाळीस अंश होतं. आत किती होतं ते मोजलं नाही, कारण थर्मामीटर मिसरोदला गेला होता. पंखा बंद, कूलर बंद, खिडक्या रजयांनी बंद. बँजोच्या तारा दर दहा मिनिटांनी उतरत, आणि निनाद त्या चढवत बसे. विक्रांतच्या बोटांना इतका घाम सुटला की नळी हातातून निसटून दोनदा पायावर पडली.

खानझोडे मात्र त्या वेळी कोपऱ्यावर कचऱ्याची गाडी अडवत होते. गाडीवाला म्हणाला, गाणं बंद करतो, पण मग लोकांना कळणार कसं, आणि कचरा आणणार कोण? प्रश्न रास्त होता. खानझोड्यांनी तो तिथल्या तिथे निकाली काढला. सतरा घरांच्या बादल्या त्यांनी स्वतः, दोन-दोन करून, कोपऱ्यापर्यंत वाहिल्या. नवव्या फेरीला समोरून एक स्कूटर आली आणि थांबली. वर त्यांच्याच शाखेतला जुना कनिष्ठ लिपिक होता.

“सर, आप?” तो म्हणाला. त्याची नजर बादल्यांवरून हटेना. “पेन्शन चालू हो गई ना, सर?”

“हो गई,” खानझोडे जेवढ्या रुबाबात बादली धरता येते तेवढ्या रुबाबात म्हणाले. “यह सांस्कृतिक कार्य है.” लिपिकाने अदबीने मान हलवली आणि दुपारपर्यंत ही बातमी अख्ख्या शाखेत पोचवली.

पण चार गाणी झाली. दुसऱ्या दिवशी आणखी चार व्हायची होती. त्या दिवशी साडेअकराच्या सुमारास खानझोडे चौरसियाजींकडे सहज डोकावले आणि दारातच थबकले. चौरसियाजींची आई, अम्माजी, ब्याऐंशी वर्षांच्या, फरशीवर बसल्या होत्या. डोक्यावर ओला टॉवेल होता, हातात कागदी पंखा. चेहरा लालबुंद झाला होता. कूलर समोरच होता, बंद.

खानझोडे आत आले. परिपत्रक लिहिताना त्यांनी कूलरच्या रकान्यात कूलर लिहिला होता, त्याच्यासमोर बसणारं माणूस लिहिलं नव्हतं. ते म्हणाले, “अम्माजी, कूलर चला लीजिए. रेकॉर्डिंग बाद में हो जाएगी.”

“काहे?” अम्माजींनी पंखा थांबवला. “बिटिया गा रही है ना? गा लेने दो. हमारा क्या, हम तो बिना बिजली के गाँव से आए हैं.” आणि मग जरा हिरमुसून म्हणाल्या, “बस, सुनाई कुछ नहीं देता.”

ही त्या तीन दिवसांतली एकमेव तक्रार होती, आणि ती सगळ्यांचीच होती. माणसं घरोघर श्वास रोखून बसली होती, कुकर वेळापत्रकाने लागत होते, दारं चिंध्या लावून मिटत होती, आणि इतक्या रजयांपुढे बाहेर एक सूर येत नव्हता. खानझोडे घरी आले आणि स्वयंपाकघरात सुमित्राबाईंजवळ उभे राहिले. “लोक फार चांगले आहेत गं,” ते म्हणाले. एकवीस वर्षांत त्यांनी हे एकदाही म्हटलं नव्हतं. सुमित्राबाईंनी त्यांच्याकडे जरा काळजीने पाहिलं आणि पन्हं दिलं.

तिसऱ्या दिवशी प्रतिलिपीने हात दाखवला. ती गेली होती सरकारी क्वार्टरं वाटणाऱ्या कार्यालयात. खानझोड्यांनी ती निव्वळ सवयीने पाठवली होती. तिथे मात्र ती कोणीतरी वाचली. चौतीस वर्षांत त्यांची एकही प्रतिलिपी कोणी वाचली नव्हती, तेव्हा या घटनेची कल्पना त्यांना येणं शक्यच नव्हतं. वाचणाऱ्याला असं दिसलं की शासकीय निवासात ध्वनिमुद्रणाचा धंदा चालू आहे, आणि सव्वीस तारखेला अकरा वाजता निरीक्षक मिश्राजी पंचनाम्याचे कागद घेऊन फाटकाशी हजर झाले. संगीत चालू असल्याचं सिद्ध झालं तर क्वार्टर त्याच दिवशी खाली करायचं.

आत शेवटचं, नववं गाणं चालू होतं. ‘सरकारी मकान’ हे त्याचं नाव. उद्या विक्रांतचं सामान बांधायचं होतं आणि परवा गाडी.  आपल्या हाताने टाइप केलेल्या कागदाने आपल्याच मुलीचा अल्बम बुडणार, हे खानझोड्यांना लख्ख दिसलं.

“यहाँ म्यूज़िक का काम चल रहा है?” मिश्राजींनी दमदार आवाजात विचारलं, आणि सतरा घरांच्या दारांतून एकाच वेळी “शऽऽ” आलं. चौरसियाजींनी त्यांना बूट काढायला लावले. प्रभाकरराव मोजा घातलेल्या काठीने, चोरपावलांनी, जिना उतरून आले. मिश्राजी नकळत कुजबुजायला लागले. पंचनाम्याला पाच साक्षीदार लागतात, ते म्हणाले. पाचाऐवजी बाराजण पुढे झाले.

“आपने पिछले तीन दिन में इस मकान से कोई गाना-बजाना सुना?”

“नहीं,” अम्माजी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात खरी हळहळ होती.

“एक सुर नहीं सुना, साहब,” चौरसियाजी म्हणाले. “कान लगा के बैठे थे.”

“मी तर वरच राहतो. काहीच नाही आलं जी,” प्रभाकरराव म्हणाले, आणि त्याचं हिंदीही करून दिलं. बाराच्या बारा साक्षी शपथेवर खऱ्या होत्या. मिश्राजींनी स्वतः दोन मिनिटं कान दिला. पलीकडे विक्रांत जीव तोडून वाजवत होता, आणि इकडे एक कावळा तेवढा ओरडला, तोही अधिकारक्षेत्राबाहेरचा. मिश्राजींनी तिथेच प्रतिवेदन लिहिलं. श्री गोपीनाथ खानझोडे यांनी श्री गोपीनाथ खानझोडे यांच्याविषयी दिलेली माहिती निराधार आढळली. माहिती देणाऱ्यास भविष्यात सावध राहण्याची समज देण्यात यावी. निष्कलंक सेवेनंतर मिळालेली ही पहिली समज खानझोड्यांनी सही करून घेतली, आणि मिश्राजींना पन्हं पाजून, हात जोडून, फाटकापर्यंत पोचवलं.

आत आले तर सायली जमिनीवर बसली होती. “झालं ना गाणं?” त्यांनी विचारलं.

“झालं. चार टेक घेतले, चारही परफेक्ट. आणि चारही मेलेले आहेत, बाबा.” तिने भिंतीवरच्या रजईला हात लावला. “गाणं या घरावर आहे, आणि यात घरच नाहीये. इतकी शांतता इथे कधीच नव्हती. रजया काढू या का? सगळ्यांना सांगा ना, नेहमीसारखं वागा म्हणून.”

खानझोड्यांना हे लागलं. बादल्या, समज, अम्माजींचा टॉवेल, आणि शेवटी हिला गोंगाट हवा. तोंडाशी आलं होतं ते त्यांनी गिळलं. मग ते उठले आणि परिपत्रक निरस्त झाल्याचं सांगत घरोघर फिरले.

सांगून केलेला आवाज हा फार वाईट आवाज असतो, हे चार वाजता सिद्ध झालं. चौरसियाजी खिडकीतून विचारत होते, “कितना तेज़ चलाऊँ?” प्रभाकरराव काठी तालात आपटत होते आणि ताल चुकत होता. एक बाई रिकामा कुकर लावून शिट्टीची वाट पाहत होत्या. सायलीने हताश होऊन गिटार खाली ठेवली आणि सगळ्यांना चहाला बोलावलं. रजया उतरल्या, खिडक्या उघडल्या, चहा झाला, ज्याची त्याची रजई ओळखण्यावरून थोडी वादावादी झाली. लोक घरी गेले आणि कामाला लागले.

तेव्हा साडेपाचच्या सुमारास, कोणी सांगितलं नसताना, विक्रांतने नळी तारेवर ठेवली. निनादने हळूच रेकॉर्डिंगचं मशीन सुरू केलं. सायली गायली. शेजारी कूलर घरघरला आणि तावदानं त्याच्या साथीला थरथरली. वर काठी बाल्कनीपर्यंत गेली आणि परत आली. मोजा बहुतेक काढला होता. दुसऱ्या कडव्यात सुमित्राबाईंच्या कुकरची शिट्टी झाली, ती खरी वरणाची. खानझोडे दाराशी उभे होते. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत, कारण खिशातून रुमाल काढला असता तर किल्ल्या वाजल्या असत्या.

विक्रांत अठ्ठावीसला गेला. एकतीसला खानझोडे मिसरोदला गेले. जूनच्या शेवटी, पाऊस अजून लांबलेला असताना, सायलीने अल्बमच्या सीडीचं पाकीट वडिलांच्या हातात ठेवलं. कव्हरवर त्यांचं परिपत्रक होतं, सतरा सह्यांसकट, जसंच्या तसं. मागे कलाकारांची नावं. गायन आणि गिटार सायली, बँजो निनाद, आडवी गिटार विक्रांत. मग नवव्या गाण्यासाठी: कूलर, अम्माजी आणि चौरसियाजी. काठी, प्रभाकरराव दाणी. कुकर, सुमित्रा खानझोडे. आणि पहिल्या आठ गाण्यांसाठी एकच ओळ होती. शांतता, गोपीनाथ खानझोडे.

त्यांनी ती ओळ तीनदा वाचली. “माझं कुकरवरच भागवलं का?” सुमित्राबाई म्हणाल्या, पण पाकीट त्यांनी देवघराशेजारी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खानझोडे सतरा पाकिटं घेऊन तुलसी नगरला गेले. खिशात आभाराचं भाषण होतं, दोन पानी, सगळ्या नावांसह, दोनदा तपासलेलं. अम्माजींच्या घरी मंडळी जमली. चौरसियाजींनी जुन्या म्युझिक सिस्टिमवर नववं गाणं लावलं.

“पहले कूलर बंद करो,” अम्माजी म्हणाल्या. “इस बार सुनना है.”

चौरसियाजींनी कूलर बंद केला. गाणं सुरू झालं, आणि थोड्याच वेळात घरघर सुरू झाली. अम्माजींनी रागाने मुलाकडे पाहिलं. चौरसियाजींनी काढलेला प्लग हातात धरून दाखवला. “बंद है, अम्मा. यह अंदर वाला है. अपना ही है.”

अम्माजी पुढे वाकून ऐकू लागल्या. उकाड्यात त्यांच्या कपाळावर घाम आला होता आणि हातातला कागदी पंखा थांबला होता. “अच्छा बजाता है,” त्या हळूच म्हणाल्या.

खानझोड्यांचा हात खिशातल्या भाषणाकडे गेला होता, तो त्यांनी परत घेतला. ते अम्माजींच्या शेजारी फरशीवर बसले, त्यांच्या हातातला पंखा घेतला, आणि आवाज होणार नाही इतक्या बेताने त्यांना वारा घालत राहिले.